तोच ठराव, नवी तारीख

कोर्नेल नगराध्यक्ष म्हणून निवडून आला त्याला पाच आठवडे झाले होते. सोळा वर्षं एकाच पक्षाच्या मुठीत असलेल्या त्या तिसा नदीकाठच्या गावात लोक अजूनही बाजारात एकमेकांचे हात हातात घेऊन बोलत होते. आगोतानेही त्यालाच मत दिलं होतं, पण हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. नगरपरिषदेची मुख्याधिकारी म्हणून एकवीस वर्षं काढल्यावर तोंड मिटून ठेवणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

सोमवारी सकाळी कोर्नेल तिच्या खोलीत आला. तिच्या मुलीच्या वर्गातला हा पोरगा. आगोताच्या अंगणातल्या आंबट चेरी खाऊन पोट बिघडवून घ्यायचा. अजूनही तिला काकूच म्हणायचा.

"आगोताकाकू, गुरुवारच्या सभेत वाचनालयाचा विषय घेऊ. झिताला काढून एटेलकाला परत आणायचंय."

"तिच्या करारातली दोन वर्षं बाकी आहेत."

"एटेलकाच्या करारातली तीन होती." तो टेबलाच्या कडेला टेकला. "तेव्हाचा ठराव असेलच तुमच्याकडे. तोच काढा. नाव बदला, तारीख बदला. झालं काम."

तो ठराव कपाटात होता. शोधायची गरजच नव्हती, आगोताला तो ओळीनओळ पाठ होता. सहा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या प्रमुख एटेलकाने विरोधी पक्षाच्या बैठकीला वाचनकक्ष उघडून दिला होता. मग जुन्या नगराध्यक्षाने वाचनालय अकरा दिवसांसाठी सांस्कृतिक भवनात विलीन केलं. प्रमुखाचं पद उरलंच नाही. बाराव्या दिवशी वाचनालय पुन्हा वेगळं झालं, पद पुन्हा निर्माण झालं आणि जाहिरात न देता त्यावर झिताला बसवलं. कागदोपत्री सगळं चोख. ते चोख करणारा हात आगोताचा होता. बेकायदा ठरावावर लेखी आक्षेप घेणं हे मुख्याधिकाऱ्याचं कामच, आणि तिने तो घेतला नव्हता.

कोर्नेल गेल्यावर ती दोनदा खिडकी उघडून बंद करून आली. कॉफी केली, ती प्यायची राहिली. दुपारी न राहवून वाचनालयात गेली.

झिता परतीची पुस्तकं लावत होती. तिने मान वर केली नाही. "किल्ल्या न्यायला आलात?"

"नाही. सहज."

"सहज तुम्ही सहा वर्षांत इथे पाऊल टाकलं नाहीत, मॅडम."

मासिकांच्या फळीवर सगळी एकाच सुरातली वर्तमानपत्रं होती. बाकीची झितानेच बंद केली होती, वरून कुणी सांगायच्या आधीच. आगोताला ते ठाऊक होतं. ही बाई तिला कधीच आवडली नव्हती, आणि तिच्यासाठी आपला जीव का खालीवर होतोय याचाच तिला राग आला.

तिथून ती गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेली. एटेलका गुडघ्यांखाली पोतं घेऊन कुंड्यांत माती भरत होती. एकेकाळी दोघी दर शनिवारी एकत्र जेवायच्या.

"मुहूर्त सांगायला आलीस का?" एटेलका म्हणाली. "गुरुवार आहे ते कळलंय मला."

"एटेलका, ते पद तुझंच आहे. पण रीतीने घे. जाहिरात निघू दे, अर्ज कर. तुझ्यासमोर कोण टिकणार आहे?"

एटेलकाने हातमोजे काढले. बोटांना भेगा पडल्या होत्या. "तेव्हा मी तुझ्या दारात उभी होते. तू दार अर्धंच उघडलंस आणि म्हणालीस, माझे हात बांधलेले आहेत. आठवतं?"

"आठवतं."

"मग आता ते कुणी सोडले गं?"

आगोताने शेजारची कलंडलेली कुंडी सरळ केली.

"मी सांगते. तेव्हा तुझी मुलगी इथल्या शाळेत नोकरीला लागली होती, नगराध्यक्षाच्या मर्जीवर. आता ती परदेशात, ग्राझला आहे. आता तुझं काही जात नाही, म्हणून कायदा आठवला. आणि तो आठवला कधी, तर माझी पाळी आल्यावर."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. "हो," आगोता म्हणाली. "असंच आहे." एटेलकाला बहुधा भांडण हवं होतं. तिने पुन्हा मोजे चढवले आणि पाठ वळवली.

घरी वेंदेल, तिचा नवरा, माशाच्या रश्शात लाल मिरची घालत होता. तिने सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतच राहिली.

"बस की जरा. फरशी झिजेल," वेंदेल म्हणाला. "दीड वर्षाने निवृत्त होणार तू. लिही आणि मोकळी हो. आपल्याच माणसाचं काम आहे."

"तुला कसं माहीत, आपला माणूस ते?"

"मत देऊन आलीस त्या दिवशी तू भांडी घासताना गुणगुणत होतीस. तीस वर्षांत पहिल्यांदा."

तिला हसू आलं, पण ती बसली नाही.

बुधवारी तिने कोर्नेलला सांगितलं की मसुदा ती लिहिणार नाही, आणि मांडलाच तर आक्षेप नोंदवेल. तो आधी समजुतीने बोलला. "काकू, त्यांनी सोळा वर्षांत प्रत्येक खुर्चीवर आपला माणूस बसवून ठेवलाय. करार संपेपर्यंत थांबत बसलो तर माझी पाच वर्षं जातील. लोकांनी मला थांबायला निवडलंय का?"

"नाही."

"मग त्यांनी मोडलेलं मी कसं दुरुस्त करायचं? तुम्हीच सांगा."

"सावकाश," ती म्हणाली. तिच्याच कानांना ते उत्तर तोकडं वाटलं.

"त्यांच्या वेळी तुम्ही मुक्या होतात, तेच बरं होतं," तो म्हणाला आणि गेला. मसुदा त्याने स्वतःच केला.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. सातपैकी पाच नगरसेवक कोर्नेलचे, दोन जुन्या पक्षाचे. एटेलका शेवटच्या रांगेत होती, झिता दाराजवळ उभी. ठराव वाचून झाल्यावर आगोताने बोलायची परवानगी मागितली. हातातला कागद तिने टेबलावर ठेवला.

"हा ठराव बेकायदा आहे. एका व्यक्तीला हटवण्यासाठी संस्था बंद केल्याचं सोंग करता येत नाही."

जुन्या पक्षाचे दोघे टाळ्या वाजवू लागले. त्यांतला एक, गिरणीवाला, उठून म्हणाला, "बघा, मुख्याधिकारीच सांगतायत. शेवटी कायदा आमच्या बाजूने आहे." शेवटच्या रांगेतून कुणीतरी आगोताला "जुन्या पक्षाची दासी" म्हटलं.

इथे थांबली असती तरी तिचं कर्तव्य पुरं झालं असतं.

"माझं संपलं नाही," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वीचा ठरावही असाच बेकायदा होता. तो मी लिहिला. बेकायदा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. मी आक्षेप घेतला नाही, कारण मला भीती वाटत होती. हे इतिवृत्तात घ्या."

टाळ्या थांबल्या. गिरणीवाला खाली बसला. तिची सहायक रेका इतिवृत्त लिहीत होती, तिने पेन उचलून विचारलं, "शब्दशः घेऊ?"

"शब्दशः."

आगोताने एटेलकाकडे पाहिलं. ती समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती.

कोर्नेलने दहा मिनिटं सभा थांबवली आणि परत येऊन ठराव मागे घेतला. पटल्यामुळे नव्हे. आक्षेप नोंदला गेला होता, आणि प्रकरण न्यायालयात टिकणार नाही हे त्याच्या वकिलाने फोनवर सांगितलं होतं. झिताला करार संपण्याआधी सोडायचं असेल तर तिच्याशी बोलणी करा, असंही वकील म्हणाला. ती बोलणी फेब्रुवारीपर्यंत चालली. झिता दुसऱ्या गावी नोकरी मिळवून निघून गेली, जाताना आगोताला भेटली नाही. मार्चमध्ये जाहिरात निघाली. चार अर्ज आले. बाहेरच्या तिघांच्या समितीने एटेलकाची निवड केली.

पहिल्याच आठवड्यात बंद झालेली वर्तमानपत्रं फळीवर परत आली. आगोता एका दुपारी ती वाचायला गेली. एटेलकाने कार्ड पाहिलं, बाजूला ठेवलं, म्हणाली, "मुदत संपलीय तुमची. नवीन फोटो लागेल." आगोताने ते अहो-जाहो ऐकून घेतलं. तिने फोटो आणून दिला.

एप्रिलच्या सभेत कोर्नेलने तिच्याविरुद्ध शिस्तभंगाची चौकशी सुरू केली. कारण: सहा वर्षांपूर्वी, तिच्याच कबुलीनुसार, कर्तव्यात कसूर. जुन्या पक्षाच्या दोघांनीही चौकशीच्या बाजूने मत दिलं. त्या सभेतला तो एकमेव एकमताचा विषय होता.

नोटीस रेकाने तयार केली. दुपारी ती दारात घुटमळत उभी राहिली.

"मॅडम, एक विचारायचं होतं. कलम कोणतं घालू? मी जे घातलंय ते मला बरोबर वाटत नाही."

आगोताने चष्मा लावला आणि नोटीस दोनदा वाचली. "हे कलम जुनं झालं. नवं घाल. आणि उत्तराला पंधरा दिवस दिलेस, आठच द्यायचे असतात."

"पंधराच राहू दे ना."

"आठ कर," आगोता म्हणाली. रेका गेल्यावर ती उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा उठली. मग एक कोरा कागद ओढून तिने आपलं उत्तर लिहायला घेतलं.