मत सांगायची खुर्ची

ज्या वर्षी ल्युशियस टॉलिव्हरची धाकटी बहीण वर्डी लग्न होऊन डेट्रॉइटला गेली, त्या वर्षी मी कॅल्डर्स फेरी या गावात आले. १९४९ साल ते. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूपित्याची दाढी माझ्यावरच झाली. त्यांचे डोळे भरून आले तर ते कुणाला दिसू नयेत म्हणून ल्युशियसने त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल जरा जास्तच वेळ ठेवला होता. तेव्हापासून मी टॉलिव्हरांच्या दुकानात आहे. मित्रांनो, मी न्हाव्याची खुर्ची आहे. आता जुनी झाले, पण माझा दांडा दाबलात तर अजून वर उचलते.

माझा जन्म सेंट लुईसच्या एका कारखान्यात झाला. खाली ओतीव लोखंड, त्यावर पांढरा मुलामा, वर लाल कातडं आणि पाय टेकायला चकचकीत जाळी. आमच्या गावात नदीकाठी पोलादाची गिरणी होती. दिवसभर भट्टीपुढे उभे राहणारे धिप्पाड गडी शनिवारी माझ्यावर येऊन बसत. त्यांच्या वजनाखाली मी कधी कुरकुरले नाही. एवढा अभिमान मला असू द्या.

गावाचा जीव मात्र ड्रेजर्समध्ये. ड्रेजर्स म्हणजे आमच्या नदीकाठचा फुटबॉलचा संघ. अमेरिकेतला फुटबॉल निराळा बरं का. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, लांब फेकायचा आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं. दर वसंतात कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते. संघ एकामागून एक पाळीने गडी निवडतात, सगळे झाले की दुसरी फेरी, मग तिसरी. आदल्या मोसमात ज्याने सगळ्यात जास्त मार खाल्ला, त्याची पाळी आधी. ड्रेजर्सची पाळी बहुधा लवकरच यायची!

निवडीच्या आधी आमच्या दुकानात कामापेक्षा चर्चा जास्त. संघाला काय कमी आहे, कोण म्हातारा झाला, कोणाला घ्यावं. या चर्चेचे नियम ल्युशियसने घालून दिले होते. माझ्यावर बसून गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं की तो माणूस ड्रेजर्सचा मालक. कापड सुटेपर्यंत त्याला कोणी मध्ये तोडायचं नाही. त्याने आपलं खरं मत सांगायचं. आणि निवड झाल्यावर ज्याचं मत सपशेल चुकेल, त्याचा माझ्यावरच चमनगोटा. मे महिन्यात आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकांवरून पाहिलं, तर पुढे चकचकीत डोक्यांची रांग दिसे म्हणतात.

ल्युशियस स्वतः कधी मत देत नसे. "ज्याच्या हातात वस्तरा, त्याने बाजू घेऊ नये," असं म्हणून तो तोंडात मिठाची गुळणी धरायचा. त्यामुळे त्याचे दाट केस शाबूत राहिले होते, आणि ते पाहून इतरांचा जळफळाट व्हायचा.

मग गिरणी बंद पडली. माणसं कामासाठी दूर गेली. माझं कातडं फाटलं, त्यावर काळी चिकटपट्टी आली. दांड्याला गंज चढला. आठवडेच्या आठवडे माझ्यावर फक्त वर्तमानपत्र बसायचं. ते दिवस मी फार सांगत नाही.

त्या पडत्या काळात गावाला एकच आशा होती, ल्युशियसचा मुलगा रोझेल. त्याचं पहिलं जावळ माझ्याच हातांवर फळी टाकून काढलं होतं. पुढे तो एवढा वाढला की दारातून तिरका आत यायचा. कॉलेजच्या संघात तो पुढच्या रांगेत डाव्या टोकाला खेळे. चेंडू फेकणारा फेकायच्या तयारीत असतो तेव्हा त्याच्या पाठीकडून धावून येणाऱ्याला अडवायचं, हे त्याचं काम. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण ते चुकलं तर फेकणाऱ्याची बरगडी मोडते.

१९८६च्या एप्रिलमध्ये रोझेल निवडीसाठी घरी आला आणि केस कापायला माझ्यावर बसला. दुकानात बाहेरचे दोघेच होते, चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, पेटवे आणि पोस्टमन क्लीओफस.

डीकन नुकतेच आपलं मत सांगून उतरले होते. "संघाला नवा फेकणारा पाहिजे. आपला आता इतका म्हातारा झालाय की चेंडूआधी त्याची कवळी जाऊन पडेल."

"आणि नव्याला उभं कोण ठेवणार, तुमची प्रार्थना?" क्लीओफस म्हणाला. "डावं टोक उघडं आहे, डीकन! गेल्या वर्षी तिथून माणसं अशी आत येत होती, जशी फुकट जेवणाला."

"गप. पोराच्या गळ्यात कापड आहे. त्याला बोलू दे."

रोझेलने आरशात वडिलांकडे पाहिलं. "ड्रेजर्सला डावं टोक पाहिजे. दुसऱ्या फेरीत ते मला घेतील. गावातला गडी, गावचा संघ. संपलं."

कापड सुटलं. क्लीओफसने टाळी वाजवली. रोझेल उठला आणि त्याने तेच कापड वडिलांपुढे धरलं. "आता तुम्ही बसा, बाबा. आयुष्यभर दुसऱ्यांची डोकी भादरलीत. आज मत द्या."

"मी मत देत नाही, ठाऊक आहे तुला."

"माझ्यासाठी."

ल्युशियस बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मालकाचं वजन माझ्यावर आलं. हलकं होतं. रोझेलने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. पोराला काय ऐकायचं होतं ते दुकानातल्या कंगव्यालाही कळत होतं. आपला तो बाब्या असं म्हणून ल्युशियस मोकळा झाला असता, तर कोणी त्याला नावं ठेवली नसती.

ल्युशियस हळूहळू बोलला. "ड्रेजर्सला डावं टोक पाहिजे, हे खरं. पण ते मोठ्या कॉलेजातला तयार गडी घेतील. रोझेलचं कॉलेज लहान. हात लोखंडाचे आहेत, पण मागे सरकताना पाय उशिरा पडतो. अजून दोन वर्षं शिकायला हवीत. पाचवी फेरी. आणि तीही दुसऱ्याच कुठल्या तरी संघाकडून."

 

रोझेलने कापड सोडलं, नीट घडी करून माझ्या हातावर ठेवलं आणि दारातून तिरका होऊन निघून गेला.

"ल्युशियस," डीकन म्हणाले, "चर्चमध्ये खरं बोललास तर पुण्य आहे. घरच्यांशी कधीतरी सांभाळून बोलावं."

"मग मला खुर्चीत बसवायचं नव्हतं," ल्युशियस म्हणाला. तो केर काढू लागला. जिथे केस नव्हते तिथेही झाडत राहिला.

निवडीच्या मंगळवारी दुकान भरलं. ल्युशियसची बायको ओडेसा तळलेल्या माशांचं भांडं घेऊन आली. ती नवऱ्याशी बोलत नव्हती. मासे सगळ्यांना वाढले, त्याच्या हातात फक्त मक्याचा पाव दिला. रोझेल आत आलाच नाही. समोर गाडीत बसून राहिला. पण संघांना त्याने दुकानाचाच फोन नंबर दिलेला होता, म्हणून त्याला लांबही जाता येत नव्हतं.

पहिल्या फेरीत ड्रेजर्सने फेकणारा घेतला. डीकन उठून नाचले. त्या वयात ते बरं दिसलं नाही, पण त्यांचे केस वाचले होते. दुसरी फेरी सुरू झाली. ड्रेजर्सची पाळी जवळ आली आणि भिंतीवरचा फोन वाजला.

ओडेसाने उचलला. ऐकलं. मग दार उघडून रस्त्यावर ओरडली, "रोझेल! अरे रुसूबाई, गाडीतून उतर! ड्रेजर्सवाले आहेत!"

तो तिरका व्हायचंही विसरला, चौकटीच्या कडेचा तुकडाच निघाला. फोनवर तो फक्त "हो सर, हो सर" म्हणत होता. टीव्हीवर नाव पुकारलं: ड्रेजर्स, दुसरी फेरी, रोझेल टॉलिव्हर. दुकानात जो गलका झाला, तो गिरणी बंद पडल्यापासून गावाने ऐकला नव्हता. गाडीवाल्यांनी भोंगे वाजवले. क्लीओफस टेबलावर चढला आणि त्याने ल्युशियसकडे बोट केलं.

"सपशेल चुकलास, ल्युशियस टॉलिव्हर! फेरी चुकली, संघ चुकला! बस खुर्चीत!"

ल्युशियस बसला. रडतोय की हसतोय हे माझ्यासारख्या अनुभवी खुर्चीलाही सांगता येईना. रोझेलने मशीन हातात घेतलं आणि कपाळापासून मागे पहिला पट्टा काढला. पांढरे केस कापडावर पडले.

"मला वाटलं तुमचा माझ्यावर भरवसाच नाही," तो खाली वाकून म्हणाला.

"मी चुकावं म्हणून रोज गुडघे टेकत होतो," ल्युशियस म्हणाला. "तुझ्या आईला विचार. पण खुर्चीत बसून प्रार्थना सांगायची नसते, पोरा. मत सांगायचं असतं."

मशीन थांबलं. ओडेसाने डोळे पुसले आणि नवऱ्यापुढे माशाची बशी ठेवली. "खा. आणि रोझेल, कानामागे नीट काढ. लोकांना सगळं दिसलं पाहिजे."

त्या रविवारी ल्युशियस चर्चमध्ये टोपी न घालता पहिल्या बाकावर बसला. ते डोकं त्याने पुढे वर्षभर तसंच ठेवलं. केस वाढले की माझ्यावर बसायचा आणि म्हणायचा, "पुन्हा काढा रे. मी चुकलो होतो, हे लोक विसरायला लागलेत."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. दांड्याला अधूनमधून तेल, कातडं फाटलं तर वेळेवर टाका. आणि कोणी बसून मनापासून बोलत असेल तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्या, ऐकायला कडू असलं तरी. माझ्यावर पुढे नवं कातडं चढलं, तेही लालच. मी अजून त्याच दुकानात आहे.

डीकन पेटवे १९९३च्या उन्हाळ्यात वारले. ल्युशियस टॉलिव्हर ३ फेब्रुवारी १९९४ रोजी, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारला.