आत वळलेला अंगठा

उत्कर्षा मॅडमनं वाळूच्या पेटीतल्या ठशावर मोबाइल धरला आणि त्यातल्या माग ओळखणाऱ्या यंत्राचं उत्तर भिंतीवरच्या पडद्यावर उमटलं: पुरुष, वय चाळिशीच्या आसपास, डाव्या खांद्यावर ओझं. ठसा उठवणारा शिपाई खरोखरच डाव्या खांद्यावर पोतं घेऊन चालला होता. प्रशिक्षणार्थी पोलिसांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या बाकावरच्या सिद्धाप्पानं टाळी वाजवली नाही. पडद्यावरचा शब्दन् शब्द त्याचा होता. हवालदारकीची पस्तीस वर्षं त्यानं चोरांचे माग काढण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ही पोरगी, उत्कर्षा, सहा महिने कुंभारीला येऊन, त्याच्या ओट्यावर शेंगाचटणी-भाकरी खात, सगळं रेकॉर्ड करून घेऊन गेली. "आबा, वर्गात तुमच्या नावानं शिकवणार," म्हणाली होती. म्हणून तर आज इस्त्रीचा सदरा. पडद्याच्या तळाशी लिहिलं होतं: संकल्पना व माहिती, उपनिरीक्षक उत्कर्षा. बस्स.

आता खरं सांगायचं तर सिद्धाप्पाच्या माहितीला थोडी फोडणी असायचीच. मुंग्यांच्या रांगेवरून त्यानं म्हणे साखरचोर पकडला होता, तोही भर पावसात. दुसऱ्यांदा चहा आला की मुंग्या वाढायच्या. माणसं ऐकून हसायची आणि हवं तेवढंच घ्यायची. यंत्राला हसू येत नाही. त्यानं सगळंच गिळलं.

"आता खरी केस," मॅडम म्हणाल्या. "विहिरीवरची मोटार चोरीला गेली. तिथला हा ठसा. उजवा अंगठा आत वळलेला. यंत्र सांगतंय, चोरी करून पळणारा माणूस. शेजारच्या रानात केम गावच्या अजिनाथ मेंढपाळानं मेंढरं बसवली होती. पाय तंतोतंत जुळला. परवापासून कोठडीत आहे, अजून कबूल होत नाही."

सिद्धाप्पानं हातातला चहाचा कप बाकावर ठेवला. आत वळलेला अंगठा म्हणजे पळणारा चोर, ही गोष्ट त्यानं एका संध्याकाळी पोरीला हसवायला रचली होती.

"मॅडम, त्याला सोडा."

"आबा, प्रश्न शेवटी घेऊ."

"आजोबा, मशीनला चॅलेंज देताय व्हय?" पुढून कुणीतरी बोललं आणि बाकं हसली.

सिद्धाप्पा उठून वाळूच्या पेटीपाशी आला. वहाणा काढून त्यानं उजवा पाय वाळूत रोवला, उचलला.

"ह्याचा फोटू काढ की, पोरी."

पडद्यावर अक्षरं उमटली: चोरी करून पळणारा.

वर्गात हशा पिकला. उत्कर्षा हसली नाही.

"मेंढरामागं दिसभर काठीवर रेलून हुबं ऱ्हायलं की अंगठा आत वळतोच," सिद्धाप्पा म्हणाला. "नोकरीआधी मी तेच केलं. माझ्या बापाचा तसाच, आमच्या कारभारणीचा, गोजाबाईचाबी तसाच. समद्यांस्नी आत घालतीस का? मेंढरांस्नी पाणी पाजायला त्यो हिरीवर जाणारच की."

"पण तुम्हीच सांगितलं होतंत..."

"थाप मारली हुती. तू लई हसलीस. मला वाटलं, कळलं."

तिनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "आणि बाकीचं? त्यातलं खरं किती?"

"खाली माझं नाव लिवलं असतंस, तर ह्यांच्यातलं कुणीतरी खरं काय ते इचारायला आलं असतं की."

उत्कर्षानं मोबाइल पुन्हा उचलला, ठाण्याला फोन लावला.

"साहेब, अजिनाथला सोडायला हवं. ठशावर दिलेलं मत मी मागं घेते... हो, लेखी देते. कारण? माहिती चुकीची मिळाली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती सिद्धाप्पाकडं न बघता म्हणाली, "माहिती देणारा, सेवानिवृत्त हवालदार सिद्धाप्पा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याचं नाव कुणाला तरी लिहून घ्यायला सांगितलं होतं.

सिद्धाप्पा वाकून वहाणा घालत होता.

"मुक्काम कुंभारी," तो म्हणाला. "त्येबी लिवा म्हणावं."