पाठीमागची मूठ

दारातून कोणी आत आलं की मी आधी त्याचे बूट बघते. तोंडावर माणूस रविवारचं हसू चढवून येतो, बुटांवर चढवता येत नाही. पॉलिश चकचकीत पण टाच झिजलेली, म्हणजे कामावरून काढलंय. पाऊल जपून टाकतोय, म्हणजे बूट भावाचे आहेत. शाळेत यातलं काही विचारत नाहीत. मी अकरावीत शाळा सोडली. खरं सांगायचं तर एका मास्तरावर खुर्ची ढकलली, आणि मग परत ये म्हणायला कोणी आलं नाही.

आई म्हणाली, "व्हॅश्टी, घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस," आणि मला इझेलमामाच्या ताब्यात दिलं.

इझेलमामा तिचा मोठा भाऊ. चाळीस वर्षं आमच्या काळ्यांच्या चर्चच्या दारात उभा आहे, आलेल्यांना जागा दाखवायला. तपकिरी सूट, पांढरे हातमोजे, डाव्या हाताची मूठ पाठीमागे कमरेवर. आम्ही दारावरचे सगळे तसेच उभे राहतो. प्रार्थना चालू असताना आम्ही तोंडाने बोलत नाही, हाताने बोलतो. उजवा हात छातीवर म्हणजे जागा आहे, आण त्याला. दोन बोटं म्हणजे दोघं आलेत. मूठ पाठीमागे म्हणजे मी कामावर आहे. आणि शेवटच्या आशीर्वादाला दोन्ही हात चार मोजत खांद्यांच्या वर, तळवे उघडे. तो सुट्टीचा इशारा. मुख्य दारावरच्याने तो केला की सगळ्यांनी करायचा.

मामाने हे मला चर्चच्या तळघरात शिकवलं. चुकलं की पुठ्ठ्याचा पंखा बोटांवर मारायचा. पंख्यावर मयतीची तयारी करून देणाऱ्या दुकानाची जाहिरात होती.

"चार मोज म्हटलं ना. तू दोनच मोजतेस."

"हात वरच करायचेत ना मामा? त्यात काय एवढं?"

"घाईत वर गेलेला हात वेगळा दिसतो."

मामाच्या उजव्या कमरेला सुटाखाली पिस्तूल असतं. परवाना आहे. शेजारच्या राज्यात एक गोरा पोरगा चर्चमध्ये आला, बायबल वाचणाऱ्यांबरोबर तासभर बसला आणि मग त्यांनाच गोळ्या घातल्या, तेव्हापासून. दारात बंदूक ठेवायची का यावर आमच्याकडे मतदान झालं होतं. कोणीतरी म्हणालं, देवाच्या घरात बंदूक नको. फेरेबीमावशी उठून म्हणाली, "मग देवाच्या घरात माझं प्रेत चालेल का तुला?" विषय संपला. मामाला निवडलं, कारण तो सैन्यात होता आणि त्याला राग येत नाही. माझं नाव अर्थातच कोणी घेतलं नाही.

दारावर नियम दोन. शंका आली तर मामाला इशारा करायचा, उजवी मूठ दोनदा उघडायची. आणि पोलिसांना फोन केलास तर सगळ्यात आधी आपला माणूस सांगायचा. तपकिरी सूट, पांढरे हातमोजे, वय सदुसष्ट, आमचा आहे.

"आलेल्या माणसाचं आधी का नाही सांगायचं?" मी विचारलं होतं.

"ते आले की आधी मलाच बघणार आहेत," मामा म्हणाला. जेवायला काय आहे हे सांगावं तसं म्हणाला.

जूनचा रविवार. आत गाणी चालू, पंखे फडफडतायत, एसीने कधीच हात टेकलेले. मी मुख्य काचेच्या दाराशी. समोर एक पिकअप थांबला आणि गोरा पोरगा उतरला. पंचविशीचा असेल. एवढ्या उन्हात जाड जाकीट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. खांद्यावर लांब काळी बॅग. पायऱ्यांपर्यंत आला आणि थांबला. खिडक्यांकडे बघतोय. परत मागे वळतोय, परत येतोय.

त्या दिवशी मी बूट बघितले नाहीत. रंग बघितला, जाकीट बघितलं, बॅग बघितली, आणि तिथेच थांबले.

मूठ दोनदा उघडली. मामा माझ्या बाजूने शांतपणे गेला, जसा कुणा म्हातारीला जागेवर बसवायला जातो तसा. पायऱ्या उतरला. मी फोन काढला. नऊ, एक, एक, पोलिसांचा नंबर.

"काय झालंय?" बाईचा आवाज.

"आमच्या चर्चसमोर एक माणूस आहे. बॅग घेऊन. जाकीट घातलंय." मी पत्ता सांगितला.

"कोणाकडे बंदूक आहे का?"

"हो, आमच्या—"

"बंदूकवाला माणूस काळा आहे की गोरा?"

बस. डोकं सटकलं. मला माहितीय की त्यांना ते विचारावंच लागतं. मला तेव्हाही माहीत होतं. पण तो प्रश्न मी दुकानात ऐकलाय, शाळेत ऐकलाय, बसमध्ये न विचारता ऐकलाय.

"बंदूक म्हटलं की तुम्हाला आधी रंगच पाहिजे का?"

"ताई, मी फक्त वर्णन—"

"या आणि डोळ्यांनी बघा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर लक्षात आलं. तपकिरी सूट राहिला. हातमोजे राहिले. परत लावला तर तिकडून रेकॉर्डिंग, आपण रांगेत आहात.

दार जरा किलकिलं केलं. मामा बोलता बोलता त्या पोराला फिरवत होता. ही त्याची पद्धत. नवख्याची नजर चर्चच्या दाराकडे नको, तोंड रस्त्याकडे हवं. फिरून फिरून पोरगा सावलीत आला, आणि मामाचं तोंड माझ्याकडे झालं, पाठ रस्त्याकडे.

"उकडत नाही का बाळा?" मामा म्हणाला.

"फ्रीजरमधून सरळ आलोय. रात्रपाळी होती. अजून हाडं गार आहेत." पोरगा ओशाळून हसला. "लाव्हेलची आई इथेच येते ना? त्याच्या लॉकरमधलं सामान आहे. मला बाहेरच द्यायचं होतं, पण ओळखत कोणालाच नाही."

लाव्हेल म्हणजे फेरेबीमावशीचा मुलगा. कोंबड्या कापायच्या कारखान्यात होता. तीन आठवड्यांपूर्वी वारला.

मग मी खाली बघितलं. पांढरे रबरी बूट. कारखान्याचे. आमच्या गावातल्या अर्ध्या घरांच्या दारात तेच बूट वाळत असतात. माझ्या स्वतःच्या दारात आईचे असतात.

पोलिसांची गाडी तेवढ्यात आलीच. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपावर उभी असणार. दोन पोलीस, दारं उघडून दारांच्या आड, पिस्तुलं बाहेर. त्यांना काय दिसलं ते मला काचेआडूनही लख्ख कळत होतं. काळा माणूस, पाठमोरा. एक मूठ पाठीमागे कमरेवर. सुटाखाली उजवीकडे फुगवटा. समोर गोरा पोरगा.

"हात दाखव! हात!"

"हलू नकोस!"

"साहेब, तुम्ही बाजूला व्हा," हे पोराला.

पोरगा बाजूला झाला. मामा तिथेच. "माझ्याकडे परवाना आहे," तो मोठ्याने, सावकाश म्हणाला. "उजव्या कमरेला पिस्तूल आहे, ते मी—"

पिस्तूल शब्द निघाला आणि दोघं एकदम ओरडायला लागले. एक म्हणतो वळ, दुसरा म्हणतो हलू नको. मामाने उजवा हात वर केला. डावा तिथेच. मूठ. त्याला हात दाखव म्हणत होते आणि त्याच्या हिशोबाने तो दाखवत होता. चाळीस वर्षं जो हात तिथे आहे, तो तिथे आहे हे त्याला आठवतच नव्हतं. आणि तो वळायला लागला. मी त्याचा खांदा हलताना बघितला.

मला काय करायचं होतं सांगू? धावत जायचं होतं. शिव्या घालायच्या होत्या. त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं होतं. पाय निघालेच होते.

मी दार कोपराने ढकललं आणि पायरीवर आले. मामाकडे बघितलं. दोन्ही हात वर न्यायला लागले. एक. माझे पांढरे हातमोजे, त्याला दिसणारच. दोन. एका पोलिसाने नळी माझ्याकडे केली आणि काहीतरी ओरडला, मला शब्द कळले नाहीत. तीन. बोटं उघडी ठेवली. चार.

मामाचा खांदा थांबला. डावी मूठ कमरेवरून सुटली. दोन्ही हात वर गेले, चार मोजत, तळवे उघडे, जसे दर रविवारी साडेबाराला जातात.

आत गाणं चालूच होतं. कोणाला पत्ता नव्हता.

मग त्याला खडीवर पालथं पाडलं, गुडघा पाठीत, बेड्या. माझा हात खाली आला तर मलाही ओरडले, म्हणून तो वरच. पिस्तूल काढलं, परवाना काढला, पाकिटातला माझा लहानपणीचा फोटोसुद्धा काढला. वीस मिनिटं. त्या पोराला एकाने पाण्याची बाटली दिली. "ठीक आहात ना?"

"तो मला काहीच करत नव्हता," पोरगा म्हणत होता. "मी बूट द्यायला आलोय." तीनदा म्हणाला. त्याची बॅग शेवटपर्यंत कोणी उघडली नाही.

बेड्या काढताना मोठा पोलीस म्हणाला, "फोनच तसा आला होता."

"कसा?" मामाने विचारलं.

"बंदूकवाला माणूस. एवढंच."

मामाने माझ्याकडे बघितलं. पिस्तूल तपासासाठी नेतो म्हणाले, पावती दिली आणि गेले.

मी पायरीवर बसले. मामा शेजारी बसला. हातमोजे काढले, खडीने काळे झालेले.

"तपकिरी सूट सांगितलास?"

"नाही. तिने रंग विचारला. मी फोन ठेवला."

त्याने हनुवटीतून येणारं रक्त हातमोज्याने टिपलं.

"आणि या पोराचे बूट बघितलेस?"

"नाही."

"मग त्या बाईवर कशाला ओरडलीस? तुलाही तेच एक दिसत होतं."

मला खूप बोलायचं होतं. त्याच्यासारखाच पोरगा त्या चर्चमध्ये आला होता ना, मग मी बघणार नाही तर कोण बघणार. पण मी उठले आणि फेरेबीमावशीला बाहेर बोलावून आणलं.

फेरेबीमावशीने बॅग तिथे पायऱ्यांवरच उघडली. पांढरे बूट, वर मार्करने लाव्हेल लिहिलेलं. तिने नावावरून अंगठा फिरवला. मग पोराला म्हणाली, "जाकीट काढ आधी. काही खाल्लंयस का?" त्याला जागा मी दाखवली. आतल्या दारावरच्याने उजवा हात छातीवर ठेवला, जागा आहे, आण त्याला. मी त्याच्यापुढे चालले आणि एकदाही मागे बघितलं नाही.

पुढच्या रविवारी पिस्तूल अजून पोलिसांकडेच होतं. तीन आठवडे लागतील म्हणे. मामा हनुवटीला पट्टी लावून दारात उभा, नवे हातमोजे. डावा हात पाठीमागे गेला. पुढे आला. परत मागे गेला.

"मामा, पुढेच ठेव ना तो."

"का?"

"का म्हणजे?"

"चाळीस वर्षं तो तिथे आहे. त्यांनी बघायला शिकावं." त्याने मूठ वळली आणि कमरेवर ठेवली. "तू फोनवर नीट बोल. हाताचं मी बघतो."

आत पहिलं गाणं सुरू झालं. रस्त्यावर एक गाडी आली, आमच्यासमोर हळू झाली, तशीच रेंगाळली. काचा काळ्या. बूट दिसायचा प्रश्नच नाही. माझा अंगठा खिशात फोनवर होता आणि मी ओठांतल्या ओठांत म्हणत होते, तपकिरी सूट, पांढरे हातमोजे, वय सदुसष्ट, आमचा आहे. तपकिरी सूट, पांढरे हातमोजे. गाडीचं दार अजून उघडलं नव्हतं.