दुर्बिणीवरचा हात

वलवणला आमच्या परसात सूनबाई प्रेरणा सकाळपासून नेम धरत होती. दुपारी कामशेतला नेमबाजीची स्पर्धा होती आणि तिच्या पंपाच्या बंदुकीचे छर्रे पुठ्ठ्यावर कुठंही लागत होते. तिनं छर्रे बदलले, नळी पुसली, स्क्रू आवळले. फरक शून्य.

"जातच न्हाई मी!" ती म्हणाली.

मी जन्मात बंदूक धरलेली नाही, फक्त या बंदुकीसोबत आलेली पुस्तिका वाचली होती. तरी एक गोष्ट मला खटकत होती. बोलावं की नको?

"घसा काय खाकरताय? बोला की!" माझी बायको शालू कडाडली.

"प्रेरणा, पंप मारताना तू वरची नेमाची दुर्बीण धरतेस," मी चाचरत म्हणालो. "जोरानं ती दर वेळी सरकत असेल, म्हणून नेम चुकतो. म्हणजे... बहुतेक."

 मग तिनं दुर्बीण सोडून लाकडी दस्ता धरला, पंप मारून छर्रा झाडला, पुन्हा मारला, पुन्हा झाडला. आम्ही तिघं पुठ्ठ्याकडे धावलो. भोकं पडली होती खालच्या कोपऱ्यात, पण सगळी रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ!

"आबा, आता नुसती दुर्बीण जुळवायची! चला, तुमी बी चला. तितं माज्या हातावर ध्यान ठेवायचं."

सदरा न बदलताच मी तिच्या गाडीवर बसलो.