दोन कानांची काठवट

मित्रांनो, शाळेच्या ओट्यावर तुम्ही जिच्यात बसून होडी होडी खेळता, ती मी सावदखेडीची जुनी काठवट. नाक जवळ आणलंत तर माझ्या लाकडाला अजून लसणाचा वास येतो. त्याचा मला भारी अभिमान आहे.

जुनं गाव नदीकाठी होतं. तिथला एक म्हातारा कडुनिंब वादळात पडला आणि पुना मिस्तरीने त्याच्या बुंध्यातून मला कोरलं. धरायला दोन कान ठेवले, एक वरल्या गल्लीचा, एक खालल्या गल्लीचा. "दोन्ही गल्ल्यासनी मिळीसन उचलानी," त्याने बजावलं. "एकलानी हात लावाना नही."

चातुर्मासात गावात वांगं कोणी खात नसे. चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य झाला, की वर्षाचं पहिलं भरीत माझ्यात ठेचलं जायचं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, त्यांत हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे पडायचे. वरल्या गल्लीची सुगंधाबाई आणि खालल्या गल्लीची धुरपदाबाई समोरासमोर बसत. दोघी एकाच वर्षी या गावात सुना होऊन आलेल्या. मुसळं चालत, आणि सासवांच्या नकलाही चालत. मग केळीच्या पानांवर सारा गाव एका पंगतीला बसायचा. मी रिकामी झाले, की पोरं मला पुसून खायची. काय सुख होतं ते!

शहाऐंशी साली नदीवर धरण आलं आणि गाव माळावर हलायला निघालं. त्या दिवशी माझी फजितीच झाली. सुगंधाबाई आपल्या गल्लीत म्हणाली, "काठवट लई जावाना मान खालली गल्लीले देऊत." तिकडे धुरपदाबाईने तोच मान वरल्या गल्लीला देऊन टाकला. गाड्या दोन वाटांनी गेल्या आणि मी मारुतीच्या पाराशी एकटीच उरले.

माळावर गाड्या रिकाम्या झाल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. "तुम्हीच इसरनात, तुम्हीच आना," असं दोन्ही गल्ल्या म्हणू लागल्या. कोणी जायचं यावर रुसवेफुगवे चालले, तोवर पाणी चढलं आणि वाट बुडाली. दोघी मैत्रिणींनी बोलणं टाकलं. यंदा भरीत आपापल्या गल्लीत करायचं ठरलं. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी पाराशी बसून पाणी वर येताना बघत होते, आणि मला फार भीती वाटत होती.

पण मी लाकडाची. पाणी आलं तशी मी उचलली गेले आणि चक्क तरंगू लागले. एक बेडूक येऊन माझ्यात बसला. वाऱ्याने आम्हा दोघांना ढकलत ढकलत माळाच्या कडेला आणलं.

धुरपदाबाई तिथे कपडे धूत होती. तिने धुणं टाकलं, पाण्यात शिरून माझा एक कान धरला आणि डोळे पुसले. ओढलं असतं तर मी सहज काठाला लागले असते. ती मात्र तशीच उभी राहिली.

"सुगंधा," तिने वर हाक दिली, "दुसरा कान तुना शे. ये."

सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून उतारावरून खाली आली. मग लुगडं खोचून पाण्यात उतरली.

"जड हुई गई शे व हाई," ती म्हणाली.

"तुना रागपेक्षा हलकीच शे."

दोघी अशा हसल्या, की मी पुन्हा सुटता सुटता राहिले. बेडूक तेवढ्यात पळाला.

त्या चंपाषष्ठीला माळावर एकच पंगत बसली. भरताला नदीचा थोडा वास होता, पण कोणी तसं म्हणालं नाही.

मित्रांनो, आता त्या दोघी थकल्या. त्या ओट्यावर बसून नुसत्या सूचना देतात. यंदा चंपाषष्ठीला मला भरतासाठी न्यायला तुम्ही याल, तेव्हा एवढंच करा. एक कान धरलात, की समोर बघा. तिथे कोणी नसेल, तर हाक मारा. तोवर मी थांबेन. पाण्यात थांबले होते, ओट्यावर काय अवघड आहे?