डोंगरातली ओहोटी

सगुणाने बांध उलटा घातला, ही बातमी दुपारच्या जेवणापर्यंत साऱ्या शिबिराला कळली. रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याची रोपवाटिका होती आणि तिथे बारावीच्या चाळीस पोरापोरींचं आठवडाभराचं शिबिर लागलं होतं. झाडं ओळखायची, बिया गोळा करायच्या, रोपांच्या पिशव्या भरायच्या आणि वाटिकेच्या वरच्या अंगाला ओढ्यावर गोण्यांचा बंधारा घालायचा, असा बेत. दुसऱ्या दिवशी हात बसावा म्हणून प्रत्येकाला एकेका ओहळावर हातभर उंचीचा बांध घालायला सांगितला. सगुणाने तो मोठ्या निगुतीने घातला. दगड असे बसवले की बघत राहावं. पण सगळे दगड लावले ते ओहळ जिकडे वाहत जातो त्या अंगाला. पाणी जिकडून येतं तिकडे नुसती माती. ती अर्ध्या तासात विरघळून गेली.

आता तिचं तरी काय चुकलं? ती वडखळजवळच्या खारेपाटातली. तिथे बांध घालतात तो खाडीला बाहेर ठेवायला. भरतीचं पाणी समुद्राकडून येतं, म्हणून दगडगोटे समुद्राच्या अंगाला. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाणी साठवायला म्हणून बांध घातला नव्हता. पाणी ही शेताबाहेर ठेवायची गोष्ट, हे तिच्या हातांना डोक्याच्या आधी ठाऊक होतं.

वनपाल महिपती शेलार रागावले असते तर बरं झालं असतं. ते पोट धरून हसले. तीस वर्षं जंगलात काढलेला माणूस, मनाने वाईट नव्हता, पण हसू आवरायचं कुठे हे त्याला कधी कळलं नाही. गोविंदा नावाचा डोंगराकडच्या गावचा एक हुशार पोरगा होता, त्याने सगळ्यांना सांगितलं की हिला वाटलं समुद्र डोंगर चढून येणार. त्याच्या आदल्याच दिवशी पानं ओळखायच्या खेळात सगुणाला दहातली दोन आली होती, आणि त्यातलं एक आंब्याचं होतं. ऐन नि किंजळ यांतला फरक तिला सांगता येईना. शेलारसाहेब सहज बोलून गेले, "तू जंगलात काय करणार गं?"

तो प्रश्न तिच्या काळजात रुतला, कारण तोच प्रश्न घरी टांगलेला होता. सगुणाला दापोलीला वनशास्त्र शिकायला जायचं होतं. बाप, शिवा म्हात्रे, म्हणाला होता की आपल्याकडे खाडीकाठच्या तिवरांपलीकडे झाड नाही, तू कसलं जंगल शिकणार? आई मध्ये पडली, कॉलेजातले सर पडले, तेव्हा कुठे त्याने एक अट घातली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं आहे, तेव्हा मी येईन. जंगलचा साहेब माझ्या तोंडावर म्हणाला की पोरगी टिकेल, तर दापोली. नाही म्हणाला, तर विषय संपला. शिवा दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस होता, आणि त्या घडीला तीच मोठी अडचण होती.

पुढचे तीन दिवस सगुणाने नेटाने काढले. रोह्याजवळच्या अष्टमी गावची रंभा तिच्या शेजारी झोपायची. तिच्याकडून तिने पहाटे उठून पानं शिकून घेतली, सालीवरून झाडं शिकली, रात्री डोळे मिटले तरी पानंच दिसायची. चौथ्या दिवशी तिला विसातली सतरा आली. पण ते बघायला कुणाला सवड होती? सगळं शिबिर बंधाऱ्यामागे लागलेलं, आणि बंधाऱ्याचा पुढारी गोविंदा. गोण्या भरायला जवळच मुरूम होता, तोच भरला. सगुणा एकदा म्हणाली की मुरमातून पाणी वाट काढतं, चिकण माती हवी. म्हणाली मात्र इतक्या हळू की ते तिचं तिलाच ऐकू आलं. उलट्या बांधाची मानकरीण ती, मोठ्याने कोणत्या तोंडाने बोलणार?

पाचव्या दिवशी बंधारा पुरा झाला. सहाव्या दिवशी पाणी कमरेइतकं चढलं आणि बंधाऱ्यातून काढलेल्या नळाने खाली वाटिकेच्या वाफ्यांत वाहू लागलं. गोविंदाला खांद्यावर घेऊन नाचवलं. सगुणाही नाचली, पण नजर गोण्यांच्या सांध्यांवर होती.

सातव्या दिवशी सकाळी बंधाऱ्याला खांड पडली होती. मधल्या दोन गोण्या गेल्या होत्या आणि त्या भगदाडातून पाणी दणादणा खाली पडत होतं. नळ कोरडा. पालक दहाला यायचे होते. गोविंदाने भरलेली गोणी आणून खांडीत टाकली, ती वाहून गेली. दुसरी टाकली, तीही गेली, आणि जाताना शेजारची घेऊन गेली. काठावर चाळीस जण उभे आणि चाळीस जण सल्ले देत होते. शेलारसाहेब स्वतः पाण्यात उतरून ओरडत होते, पण कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

खांड म्हणजे काय ते त्या काठावर एकट्या सगुणाला ठाऊक होतं. खारेपाटात बाहेरचा बांध फुटला की सारं गाव निघतं. त्याला जोळ म्हणतात. चिखलाच्या खड्ड्यापासून खांडीपर्यंत माणसांची ओळ उभी राहते, ढेप हातोहात पुढे जाते, आणि खांडीवर एक माणूस उभा राहतो. बोलायचं ते फक्त त्याने. बाकीच्यांनी तोंड मिटून हात चालवायचे, मग ते सरपंच असोत नाहीतर पाहुणे. गेली पंधरा वर्षं तिच्या गावी तो माणूस म्हणजे तिचा बाप होता. आणि जोळीचा पहिला नियम असा की वाहत्या पाण्यात माती टाकायची नाही. ओहोटीची वाट बघायची.

पण डोंगरात ओहोटी कुठून येणार? सगुणा तिथेच थबकली. आज चुकलं तर साहेब बापासमोर काय म्हणतील ते तिला पाठ होतं. पण पाणी दणादणा जात होतं, आणि ते असं बघत उभं राहणं तिच्या रक्तात नव्हतं. ती पुढे झाली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, इथं ओहोटी येणार नाय. आपण आणायची. बाजूनं पाट फोडा नि सगळं पाणी सोडून द्या."

दोन दिवसांचं साठवलेलं पाणी सोडून द्या! गोविंदा तिच्याकडे बघतच राहिला. साहेबांनी खांडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "तू सांग. आम्ही करतो."

मग ती खांडीवर उभी राहिली आणि तिचा आवाज मोठा झाला. पहिली आज्ञा, सगळ्यांनी गप्प बसायचं. दुसरी, गोविंदाने चार पोरं घेऊन काठाला पाट खणायचा. खालच्या अंगाला सीताबाई नावाच्या एका शेतकरणीचं भाताचं खाचर होतं, कापणी होऊन मोकळं पडलेलं, आणि त्यात चिकण माती होती. रंभा धावत जाऊन विचारून आली. सीताबाई नुसतं हो म्हणाल्या नाहीत, पेंढ्याचे दोन भारे डोक्यावर घेऊन स्वतःच आल्या. पेंढा घालून चिखल तुडवला, ढेपा कापल्या आणि खाचरापासून खांडीपर्यंत ओळ लागली. तोवर पाट वाहता झाला, बंधाऱ्यातलं पाणी घोट्याखाली उतरलं आणि खांड उघडी पडली. डोंगरात ओहोटी आली होती.

पहिल्या ढेपा बसल्या तेव्हा पालक आले. पांढरा सदरा घातलेला शिवा म्हात्रे काठावर येऊन उभा राहिला. वाकलेली ओळ, हातोहात जाणाऱ्या ढेपा, सगळ्यांची मिटलेली तोंडं. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्याने चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि ओळीत शेवटी, खांडीच्या अगदी जवळ शिरला. खांडीवर उभी असलेली ती आपली पोरगी, हे त्याला पहिली ढेप हातात आल्यावर दिसलं.

सवयीने तो वाकला आणि ढेप खालच्या अंगाला, समुद्राकडे लावायला गेला.

"बाबा, तिकडं नाय," सगुणा म्हणाली. "इथं पाणी वरनं येतं. वरच्या अंगाला द्या."

शिवाचे हात हवेतच थांबले. जोळीत त्याला चूक दाखवणारा अजून कुणी जन्मला नव्हता. त्याने मान वर करून लेकीकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. मग तो मुकाट्याने फिरला, ढेप वरच्या अंगाला दिली आणि पुढच्या ढेपेसाठी हात पसरले. त्यानंतर प्रत्येक ढेप घेऊन तो एवढंच विचारत होता, "कुठं देऊ गो?" आणि ती सांगेल तिथे देत होता.

तासाभरात खांड बुजली. सगुणाने ती नाचून नाचून तुडवली, मग गोविंदाने पाट बंद केला. पाणी हळूहळू चढत गेलं. कुणी जेवायला हललं नाही. दुपारी एकच्या सुमाराला खालून सीताबाईंनी हात वर केला, आणि नळातून पाण्याची धार वाफ्यात पडली. चाळीस जणांनी इतका वेळ मिटलेली तोंडं एकदम उघडली. गोविंदा सगुणाला म्हणाला की पुढच्या वेळी गोण्या भरताना तूच उभी राहा. तेवढं म्हणायला त्याला कष्ट पडले, पण म्हणाला. सगुणाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि चिखलाच्या हातांनी ती पुसता येत नव्हती.

शेलारसाहेब चिखल झटकत शिवासमोर आले. अट त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली की तुमची मुलगी या जंगलात नक्की...

शिवाने हात वर करून त्यांना थांबवलं. त्याचा पांढरा सदरा गळ्यापर्यंत मातीने माखला होता.

"साहेब, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पंधरा वर्षं खांडीवर मी बोलतो नि गाव ऐकतो. आज ती बोलली नि मी ऐकला. तुमी आनि काय सांगनार? दापोलीचा फारम कुठं मिलतो, तवरा सांगा."