किबोर्डाची उजवी बाजू

कळंबात बसस्टँडच्या रस्त्याला शांतलिंगअप्पांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिका कुणाचीही असो, तिची पहिली ओळ अप्पांनी स्वतः टाइप करायची, हा त्या दुकानाचा रिवाज. ‘ॐ श्री गुरुबसवलिंगाय नमः’ असो की ‘श्री तुळजाभवानी प्रसन्न’, अप्पांचा हात लागला की लग्न निर्विघ्न पार पडतं, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. अप्पा वरवर नको नको म्हणायचे, पण आतून लई सुखावायचे. मागच्या दिवाळीत त्यांना लकवा मारला आणि डावा हात गेला.

आता तुम्ही म्हणाल, उजवा होता की! अहो, मराठी टायपिंग म्हणजे काय एका हाताचं काम आहे होय? घडोघडी शिफ्टचं बटण दाबून धरा, अर्धी अक्षरं डावीकडं, ती डाव्या हातानंच मारा. अप्पांनी काही दिवस झटापट केली, चार शब्दांत घामाघूम झाले आणि खुर्ची सोडली. खुर्चीवर सून बसली, शिवप्रिया. तामलवाडीची पोर, सोलापुरात कॉम्प्युटर शिकलेली. अप्पा काउंटरपाशी स्टुलावर बसून तिच्या पाठीकडं बघत राहायचे. बघता बघता त्यांच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला.

त्याला कारणही तसंच घडलं. सुनेनं कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं काढून लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकली. म्हणाली, “मामा, हे फुकट मिळतं. अन् कुठल्या बटणावर कुठलं अक्षर बसवायचं, ते आपल्या हातात असतं.” आपल्या म्हणजे कुणाच्या, हे अप्पांनी विचारलं नाही, मनात मात्र ठेवलं.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला रणधीर आगीत तेल ओतायला टपलेलाच. “अप्पा, त्याचा पासवर्ड कुणाकडं असतो?”

“सुनबाईकडं.”

“मग तुमच्याकडं काय राह्यलं?” असं म्हणून तो दात काढत निघून गेला. अप्पांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मग त्यांना एकेक दिसायला लागलं. गिऱ्हाईक नसलं की सून काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या रांगा लिहीत बसायची. अप्पा उठून जवळ गेले की पडदा बंद! बटणांवर तिनं कागदाचे बारके तुकडे चिकटवले होते, त्यावर काळी अक्षरं, लाल अक्षरं. वरून रुमाल झाकलेला. एकदा अप्पा पाकिटं लावत होते, तर ही मोबाइलवर त्यांच्या हाताचं शूटिंग घेतेय.

“काय चाललंय गं?”

“काही न्हाय मामा, सहज.” आणि थोड्या वेळानं, अगदी साळसूदपणे, “मामा, तुमचा अंगठा वाकतो का हो नीट? दाबून धरता येतो?”

अंगठा! अप्पांच्या काळजात चर्र झालं. म्हाताऱ्या सासऱ्याचा अंगठा सुनेला कशाला लागतो? कागदावर उठवायला! दुकान अजून अप्पांच्याच नावावर होतं. त्या दिवसापासून अप्पा उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवून बसायला लागले. पोरीनं काही विचारलं तरी हुं नाही की चूं नाही.

राहिलेली कसर फोननं भरून काढली. अडतीवर मुनीम असलेल्या नवऱ्याला, बसवेशला, ती हळू आवाजात सांगत होती, “जमेपर्यंत मामांच्या कानावर जाऊ देऊ नका.” म्हणजे पोटचा पोरगाही सामील. अप्पांचं टाळकंच फिरलं.

दुपारी ती घरी डबा आणायला गेली. अप्पा उठले, खुर्चीवर बसले, रुमाल फेकून दिला. शटरवर लावायला जाहीर सूचनाच लिहायची, आणि तीही स्वतःच्या हातानं, म्हणजे साऱ्या कळंबाला कळू दे! मराठी आणायला ती कुठली दोन बटणं एकदम दाबते, ते त्यांनी स्टुलावरून हेरून ठेवलं होतं. ती दाबली आणि तुकडे बघून एकेक अक्षर मारायला सुरुवात केली. लाल अक्षर उठेना. खूप खटपट केल्यावर कळलं की अंगठ्याखालचं बटण दाबून धरलं की ते उठतं. मग काय, रागाच्या भरात बोटं पळायला लागली.

‘जाहीर सूचना. सौ. शिवप्रिया बसवेश यांचा या दुकानाशी कोणताही संबंध राहिलेला नाही. त्यांनी आमचा विश्वासघात केलेला आहे. त्यांना कोणी काम दिल्यास आम्ही जबाबदार नाही.’

शेवटचं टिंब मारलं आणि अप्पा थबकले. डावा हात मांडीवर पडून होता. त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. त्यांनी खाली बघितलं. कागदाचे सगळे तुकडे उजव्या बाजूलाच होते. डावीकडची बटणं कोरी. डाव्या हाताचं प्रत्येक अक्षर तिनं उचलून उजवीकडं आणलं होतं, लाल करून. आणि अंगठा लागत होता तो ह्याच्यासाठी.

पुसून टाकावं म्हणून अप्पा बटण शोधायला लागले, तोवर दारात चपला वाजल्या.

“अगंबाई!” शिवप्रिया डबा घेऊन तशीच पुढं आली. “मामा, तुमी टाइप केलं हे? एवढं सगळं? एका हातानं? मला तर वाटत होतं, तुमचं बोट ‘ध’पर्यंत जातंय का न्हाय! आधी सांगून ठेवावं अन् जमू नये, तर तुमी हाय खाल, म्हणून मी ह्यांना बी गप्प बसवलं. थांबा, फोन लावते त्यांना, सांगते, मामांना आलं म्हणून!”

“सुनबाई, वाचू नको,” अप्पा म्हणाले. पण तिची नजर तिच्याच नावावर जाऊन अडकली होती.

तिनं शेवटपर्यंत वाचलं. मोबाइल खाली ठेवला.

“हात दुखला का, मामा?”

“न्हाय.”

“मग झालं. तेवढंच बघायचं होतं.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि प्रिंटरमध्ये कागद घातला. “किती प्रती काढायच्या, सांगा.”

आयुष्यात अप्पांनी कुणाची माफी मागितली नव्हती, ती कशी मागतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. सुनेपुढं हात जोडावेत म्हणून त्यांनी उजवा उचलला. दुसरा काही उठला नाही. उजवा एकटाच छातीपाशी राहिला.

शिवप्रियानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

“असू द्या,” ती म्हणाली, तशी घुश्शातच. “जेवून घ्या आधी. भाकरी गार व्हायलीय.”